फ्रीजमधले बुडबुडे

७ सप्टेंबर
ऑफिसच्या वेलनेस सेशनमध्ये सांगितलं, रोज चार ओळी लिहा, मन मोकळं होतं. माझं मन मोकळंच आहे. तरी लिहितो. सवय चांगली.

मोठी बातमी. एक नोव्हेंबरच्या राज्योत्सवाच्या सुट्टीत आम्ही चौघं मुरुडेश्वरला जाणार. तिथून बोटीने नेत्राणी बेट आणि स्कूबा डायव्हिंग. बुकिंग झालं. मूळ आयडिया माझ्या वडिलांची, नानांची. शेवटचे काही महिने नाना आणि गुंजन टीव्हीवर मासे बघत बसायचे. नाना तिला म्हणायचे, बरा झालो की आपण दोघं खाली जाऊन बघून येऊ. नाना गेल्या नोव्हेंबरात गेले. तेराव्याला गुंजनने सगळ्यांसमोर विचारलं की आता मला खाली कोण नेणार. मी म्हटलं, मी. बाप आहे.

मला पाण्याची भीती वाटते असा घरात एक समज आहे. चुकीचा आहे. मला पाण्याबद्दल आदर आहे. नाशिकला आमच्या गल्लीतली निम्मी पोरं नानांनी गोदावरीत पोहायला शिकवली. माझ्या वेळी मला सर्दी होती.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून प्राणायाम. फुप्फुसं तयार हवीत.

११ सप्टेंबर
प्राणायाम सोमवारपासून.

कांचनने पुन्हा विषय काढला. नानांच्या अर्ध्या अस्थी तेव्हाच टी. नरसीपूरला कावेरीत सोडल्या. अर्ध्या मी गोदावरीसाठी ठेवल्या. लाल फडक्यात बांधलेलं छोटं मडकं, अंगणातल्या चिक्कूच्या फांदीला टांगलेलं. अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून बाहेर. कांचन म्हणते, वर्षश्राद्ध तोंडावर आलं, त्याच्या आत व्हायला हवं, आणि नाशिकला जाणं जमत नसेल तर उरलेल्याही नरसीपूरला सोड, तासाभराचा तर रस्ता आहे. मी म्हटलं, नाना गोदावरीचे. कावेरीशी त्यांची ओळख नव्हती. नाशिकला जाणार आहे. प्रोजेक्ट गो-लाइव्ह झालं की लगेच.

हे मी जानेवारीतही म्हटलं होतं असं ती म्हणाली. तेव्हाचं प्रोजेक्ट वेगळं होतं.

१४ सप्टेंबर
सकाळी माकडं आली. एकाने चिक्कू सोडून थेट मडक्याला हात घातला. फडक्यात प्रसाद असेल असं वाटलं असणार. मी झाडू घेऊन धावलो. मडकं वाचलं. माकड माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतं ती मला आवडली नाही.

शेजारच्या गुंडेरावांनी गच्चीतून सगळं पाहिलं. त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, हे ते भाजीवाल्यालाही सांगतात. स्वतः नजरबादच्या सरकारी कचेरीतून रिटायर झाले. म्हणाले, झाडूनं काय होतंय उदयराव, कोल पाहिजे, कोल, आणि काठी दाखवली.

पुन्हा टांगणं रिस्की. फडक्याला माझ्या हाताने चांगल्या पाचसहा गाठी मारल्या आणि मडकं तात्पुरतं आत आणलं. जुन्या मिक्सरच्या खोक्यात घालून फ्रीजवर ठेवलं. कांचनला सांगितलं नाही. तिला आधीच कामं कमी नाहीत.

१९ सप्टेंबर
वर्क फ्रॉम होम. घरात कोणी नाही. कॉलवर असताना हॉलमधून बुडबुड्यांचा आवाज आला. थांबत, मग पुन्हा, एका लयीत. नानांच्या ऑक्सिजनच्या मशीनला पाण्याची एक बाटली होती, तिच्यातून असाच आवाज यायचा. वर्षभर आमच्या घरात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पण मशीन भाड्याचं होतं आणि नाना गेल्यावर दुसऱ्याच दिवशी परत गेलं. त्यामुळे तो आवाज तो असू शकत नाही. आवाज फ्रीजचा आहे.

क्लायंटने दोनदा विचारलं, आर यू देअर. मी देअर होतो.

२२ सप्टेंबर
आवाज पुन्हा. दुपारीच येतो. नानांच्या खोलीतला पंखा एकवर चालू होता. नानांना एकच्या वर पंखा सोसायचा नाही. अनुरागने लावला असेल. अनुराग क्लासला होता. म्हणजे जाण्यापूर्वी लावला असेल. त्याला विचारलं तर म्हणाला की मी त्या खोलीत जात नाही. का, असं मी विचारलं नाही. सोळाव्या वर्षी मुलं असंच बोलतात.

दसरा सुरू झाला. गावभर दिवे. आमचं वर्ष व्हायचंय, म्हणून आमच्याकडे सण नाही. आमच्या बोगादीपर्यंत सगळे रस्ते लखलखीत आणि आमच्या गेटवर तेवढा अंधार. गुंजनला म्हटलं, चल, राजवाड्याची रोषणाई बघून येऊ. ती नको म्हणाली. हल्ली ती अभ्यास फ्रीजला टेकून, जमिनीवर बसून करते. विचारलं तर म्हणाली, इथे बरं वाटतं.

फ्रीजची मागची बाजू गरम असते. मुलांना ऊब आवडते.

२६ सप्टेंबर
फ्रीज रिपेअरवाले कृष्णमूर्ती आले. फ्रीजला कान लावून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, सर, सगळं सरी आहे, ठीक आहे. मी म्हटलं, बुडबुडे येतात. ते म्हणाले, गॅस फिरतो, थोडा आवाज होतोच. मी म्हटलं, बघा. सायन्स. मग त्यांनी वरचं खोकं उतरवायला हात घातला. मी जरा जास्तच जोरात नको म्हणालो. ते दचकले. मीही.

व्हिजिटचे पैसे गेले. पण मनाची शंका गेली. शंका नव्हतीच.

५ ऑक्टोबर
स्कूबाची तयारी. ऑनलाइन मागवलेला मास्क आणि स्नॉर्केल आलं. क्लबचा पूल बंद असेल, चौकशी केली नाही, पण असेलच. म्हणून बाथरूममध्ये मोठी बादली भरली, मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि डोकं पाण्यात घातलं.

श्वास सोडला.

तोच आवाज. अगदी कानाशी. फुस्स, मग बुडबुडे, मग शांत, मग पुढचा येतो की नाही अशी वाट. नानांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्या शांततेत मोजत बसायचो.

डोकं बाहेर काढलं. पाणी फार गार होतं. गीझर लावायला हवा होता. दाराबाहेर गुंजन उभी होती. जमतंय का बाबा, असं तिने विचारलं. म्हटलं, उत्तम.

१२ ऑक्टोबर
गुंडेरावांनी कुंपणावरून विचारलं, उदयराव, झाडावरचं मडकं दिसत नाही, आत नाही ना नेलांत. मी म्हटलं, सुरक्षित जागी आहे. ते कुंपणाला टेकले. मग हळूच म्हणाले, आत बेडा हां, आत ठेवू नका. माणूस आत आलं की बसतं. मग जा म्हणवत नाही आपल्याला.

जुन्या लोकांच्या समजुती. मी हसलो. त्यांना बहुतेक दिसलं नाही, कारण ते माझ्याकडे नाही, आमच्या हॉलच्या खिडकीकडे बघत होते.

आज फ्रीजचा आवाज संध्याकाळीही आला, जरा स्पष्ट. मी पाणी प्यायला गेलो होतो. पाणी पिऊन झाल्यावरही तिथे थोडा वेळ होतो. गुंजन सरकली आणि तिने जागा दिली.

१८ ऑक्टोबर
नवा प्लॅन. असावा तर असा. मडकं मुरुडेश्वरला न्यायचं. मी स्वतः तळाशी जाणार आणि नानांना स्वतःच्या हाताने खडकाजवळ ठेवणार. नानांची खाली जायची इच्छा पूर्ण, गुंजनला दिलेला शब्द पूर्ण, वर्षश्राद्धाच्या आत. एकाच सुट्टीत सगळं. याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात.

कांचनला सांगितलं. म्हणजे मडकं फ्रीजवर आहे हेही सांगावं लागलं. ती म्हणाली, माहीत आहे, रोज तिथलं पुसते मी. मग म्हणाली की गोदावरी त्या समुद्राला मिळतच नाही, ती पलीकडे पूर्वेला जाते, नाना पाटबंधारे खात्यातले, त्यांनी तुला तिथल्या तिथे नकाशा काढून दाखवला असता. मी म्हटलं, पाणी शेवटी एकच. यावर ती कावेरीबद्दल काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. माझ्या केसांवरून हात फिरवून ती स्वयंपाकघरात गेली. कारण कळलं नाही.

तिला नरसीपूर आठवलं असावं. तिथे भटजी मला सारखे पुढे या, पुढे या म्हणत होते आणि मी पायरीवरून सगळं मॅनेज करत होतो. शेवटी अनुराग कमरेइतक्या पाण्यात गेला. कोणीतरी टॉवेल धरायला हवाच होता.

३१ ऑक्टोबर
पहाटे निघालो. मिक्सरचं खोकं मागच्या सीटवर, मुलांच्या मध्ये. अनुरागने त्याला सीटबेल्ट लावला. कोणी हसलं नाही.

रस्ताभर गाडीत बुडबुडे. कूलंटचा आवाज. परत गेल्यावर गाडी दाखवायला हवी.

संध्याकाळी मुरुडेश्वरला पोचलो. हवा गरम, समुद्र अगदी सपाट. असा सपाट समुद्र मला खोटा वाटतो. उद्या सकाळी डाइव्ह. प्राणायाम आता करून उपयोग नाही.

१ नोव्हेंबर, दुपार
तपशील जसेच्या तसे लिहितो.

बोटीत मला उलट्या झाल्या. हे स्कूबात कॉमन आहे असं इन्स्ट्रक्टर सहाना म्हणाली. वयाने पंचविशीची, मला अंकल म्हणते. तिने नियम सांगितले. श्वास रोखायचा नाही. खालचं काही उचलायचं नाही. खाली काही ठेवायचंही नाही. हे म्हणताना तिने माझ्या मांडीवरच्या लाल फडक्याकडे पाहिलं. माझा प्लॅन तिथेच अर्धा झाला.

मग एकेकाला शिडीला धरून, तोंडात नळी, चेहरा पाण्यात, असा सराव. गुंजनला लगेच जमलं. माझी पाळी. मी शिडी धरली. डोकं पाण्यात घातलं. श्वास सोडला.

नानांची खोली. भिंती नाहीत, पलंग नाही, फक्त आवाज, आणि तो माझ्यातूनच येत होता. मी पुढच्या श्वासाची वाट बघायचो आणि तो यायचा. दर वेळी यायचा. गेल्या वर्षी एकदा आला नाही, इथे येत होता. मला खाली जायचं नव्हतं, वरही यायचं नव्हतं. सहानाने खांद्यावर टॅप केलं. मी शिडी सोडली नाही. गुंजन बाजूला तरंगत माझी वाट बघत होती. तिने माझं बोट धरलं, जरा ओढलं. मी शिडी सोडली नाही. मग तिने बोट सोडलं आणि ती सहानाबरोबर खाली गेली.

किती वेळ तसा होतो माहीत नाही. नंतर अनुरागने मला काखेत हात घालून वर घेतलं. मास्कमध्ये पाणी शिरलं होतं, डोळे चुरचुरत होते. खारं पाणी.

माझी डाइव्ह टेक्निकली झाली. फक्त बाकीचं शरीर वर होतं.

गुंजन वर आली. मासे कसे होते, विचारलं. ती म्हणाली, खूप होते, पण बाबा, खाली सगळं नानांच्या खोलीसारखं वाजतं. एवढं बोलून ती टॉवेलमध्ये तोंड घालून रडली. वर्षभर ती त्या मशीनशेजारी हसत बसलेली, आणि नंतर एकदाही रडली नव्हती. मला वाटत होतं, मुलं लवकर विसरतात.

बेट मागे पडल्यावर कांचनने बोट थांबवायला सांगितली. मडकं मी धरलं होतं. गाठी माझ्याच, सुटेनात. मी म्हटलं, सुटत नाहीत, राहू दे, नाशिकला नेऊ. अनुरागने सहानाकडून छोटा चाकू घेतला आणि फडकं कापलं. मग त्याने मडकं माझ्या हातात परत दिलं. थांबला.

मी वाकलो. हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. बाबा, आणखी खाली, असं गुंजन म्हणाली. कोपरापर्यंत घातला.

थोडी राख हाताला चिकटून राहिली. ती धुवायला हवी होती. मी हात बराच वेळ पुन्हा पाण्यात घातला नाही.

३ नोव्हेंबर
घरी पोचलो. ट्रिप एकंदरीत यशस्वी. सर्व उद्दिष्टं साध्य. गुंडेरावांना सांगितलं. ते म्हणाले, छलो झालं, चांगलं झालं, आणि मग म्हणाले की आता घर थोडे दिवस मोठं वाटेल. सुम्ने, उगाच वाटतंय तसं, मग सवय होते. मी म्हटलं, आमचं घर आहे तेवढंच आहे.

रात्री झोप उत्तम लागेल असं वाटतं.

५ नोव्हेंबर
नानांच्या खोलीतला पंखा मी एकवर लावला. हवा खेळती राहावी म्हणून. थोड्या वेळाने उठून बंद केला.

गुंजन आज आपल्या टेबलावर अभ्यासाला बसली. चांगली सवय. फ्रीजशेजारची जागा रिकामी होती, म्हणून लॅपटॉप घेऊन मी तिथे बसलो. कांचन बघून गेली. दोन कॉल झाले. लंच झालं. दुपार झाली. फ्रीज थंड करतोय, आत दिवा लागतोय, बर्फही झालाय. मागच्या बाजूला कान लावला. काही नाही.

कृष्णमूर्तींना फोन केला. काय प्रॉब्लेम, सर, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फ्रीज आवाज करत नाही. ते म्हणाले, सर, मग सरी आहे की. मी म्हटलं, नाही, सरी नाही. तुम्ही एकदा येऊन बघून जा.