बसथांब्यावरची मिर्का

तांपेरे, १६ जानेवारी

ती. हेल्वीताईस,
तानेलीचा सा. नमस्कार.

आज सकाळी प्रार्थना करून चर्चच्या दारात गरजूंना वाटायच्या पाव-बटाट्याच्या पिशव्या मांडल्या. ‘रांग इथून’ या पाटीपासून बर्फात माणसं उभी होती. आमची शेजारीण मिर्का मात्र लांब, बसथांब्यावर. तिचं काम सुटल्यापासून पोरांची आबाळच आहे. मी हात केला, तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि कुठे जायचं नसताना ती चक्क चढून गेली. संध्याकाळी पिशवी घेऊन तिच्या घरी गेलो, तर म्हणाली, आम्हाला काही कमी नाही. दार लावून घेतलं. पोरं खाणार काय? मला जेवण गेलं नाही.

तुझा तानेली

सोत्कामो, २१ जानेवारी

चि. तानेलीस अनेक आशीर्वाद.

पन्नाशीला आलास तरी खुळाच राहिलास. आपल्या गावात लाकडं फोडायला शेजारी येतात आणि एकाच पातेल्यातलं वाटाण्याचं सूप जेवतात. तेव्हा कुणाला लाज वाटते का? त्या मिर्काला पिशवी घ्यायला बोलावू नकोस. भाजी चिरायला माणूस कमी आहे म्हण. आणि ते खरंच असू दे. खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. ती पाटीही काढ.

तुझी ताई

तांपेरे, ३० जानेवारी

ती. ताईस नमस्कार. हाताला अजून कांद्याचा वास आहे.

चर्चमध्येच सगळ्यांनी मिळून सूप रांधू म्हटलं, तर आमच्या पाद्रीबाई अडून बसल्या. भुकेल्याला राबवायचं, हे त्यांना पटेना. मी म्हटलं, ज्याला नुसतं बसायचं त्याने बसावं, पिशवी जाताना सगळ्यांनाच मिळेल. त्या म्हणाल्या, फसलं तर पातेली तुम्ही घासा.

मिर्का पोरांना घेऊन आली, ताई! माझी गाजरं पाहून म्हणाली, ही काय घोड्यांसाठी चिरलीत? माझ्या हातातली सुरीच काढून घेतली. कांद्याने पाद्रीबाईंचे डोळे वाहू लागले, तेव्हा तिच्या धाकटीने विचारलं, देवाने रागावलं का तुम्हाला? एरवी एका बाकावर दुसरा माणूस नको असणारे आपले लोक खांद्याला खांदा लावून हसत होते. पोरांनी तीनतीनदा सूप घेतलं आणि मिर्काने त्यांना आवरलं नाही. निघताना सगळ्यांबरोबर तिनेही पिशवी उचलली. वर मला बजावलं, पुढच्या वेळी वाटाणे आदल्या रात्रीच भिजवा.

जेवणं चालू असताना मधेच खिडकीतून बस दिसली. ड्रायव्हरने सवयीने दार उघडलं. थांब्यावर कोणीच नव्हतं.

तेव्हाच उठलो, बाहेर जाऊन पाटी काढली, आत आणली आणि तिच्यावर गरम पातेलं ठेवलं.

तुझी माया आहेच, ती अशीच रागे भरत राहू दे.

तुझा तानेली