भिंतीवरची माणसं

उमरठ

अगो अनुपमा,

तुझ्या मनात काय हाय ते मला कळलंय. तुझे सासरे गेल्यापासून मी नीट जेवत नाय, म्हणून तू मला मुंबईच्या डॉक्टरकडं नेलंस. त्यानं गोळी दिली नाय, सुई टोचली नाय. म्हणाला, "आजींना चित्रांचं म्युझियम दाखवा, जिवाला बरं वाटेल." असलं औषध कुणी ऐकलंय?

आत गेले तर भिंतीभर माणसांची चित्रं. आपल्या गावात भिंतीवर फोटो लागतो तो गेलेल्या माणसाचा, हार घालून. तिथंच भिंतीवरच्या एका रिकाम्या जागेपुढं मला उभी करून तू म्हणालीस, "आई, हसा, फोटो काढते." तेव्हाच मी ओळखलं, माझ्या हाराची तयारी चाललीय.

पण शेजारच्या चित्रात एक मिशीवाला सरदार होता. भाकरीला उशीर झाला की तुझे सासरे रुसायचे, तसाच रुसलेला. मी त्याला हळूच म्हटलं, "बसा, वाढते," आणि मला हसू आवरेना; तेवढ्यात तू फोटो काढलास.

त्या रात्री मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गाढ झोपले. खरं सांग, कालवणात काय घातलं होतंस?

फोटो लावायचाच झाला तर तोच लाव, बरा आलाय. पण घाई करू नको. आधी मला त्या मिशीवाल्याकडं अजून एकदा ने. हे मी तोंडानं सांगणार नाय आणि पत्र पण धाडणार नाय. धाडलं तर तू लगेच डॉक्टरला सांगशील, औषध लागू पडलं.

अजून भिंतीवर न चढलेली तुझी सासू,
ठमाबाई