घळीतली शिंक

२ मे
आईने पातेलंच आदळलं. "न हसलेलं पोर घेऊन जुन्या लोकांच्या चित्रांकडे चाललीस? डोकं ठिकाणावर आहे का?"

मी काय करू! माझ्या नवऱ्याचा, विल्फ्रेडचा, पाय मोडलाय. पाहुण्यांना घळीतली चित्रं दाखवायचं त्याचं काम — आता मीच करणार. एमरी अंगावर पितो, बाटली तोंडात धरत नाही. ठेवू कुणापाशी?

आई म्हणते, पोर पहिल्यांदा हसलं की मगच पुरतं आपलं. तोवर अर्धं पलीकडे, देवांपाशी. एमरीला पाच महिने होत आले. नुसता बघतो.

"तू नाही का तिसऱ्यातच हसलीस! अंगणात, कुत्र्याची शेपटी बघून!" हजारदा ऐकलंय.

३ मे
झोप नाही. जायचंच आहे.

४ मे
गेले. एमरीला फळीच्या पाळण्यात बांधून पाठीवर घेतला, तोंडावर चादर. कड्यावर ते सगळे हातांचे ठसे — पांढरे, लाल. खाली रंगवलेल्या शिंगांच्या मेंढ्या. एका पाहुणीने विचारलं, "तुम्हा नवाहो लोकांनीच काढले का?" म्हटलं, "नाही बाई, आमच्याही आधीच्यांनी. लांबूनच बघा."  मनात एकच — त्यांनी याला ठेवूनच घेतलं तर?

आणि मला शिंक आली! धुळीने. केवढी! कड्याने ती तशीच परत केली, आक् छी! मग पाठीवर काहीतरी खळखळलं. पाळणा उतरवला, चादर काढली — हसत होता! सगळ्या हिरड्या दाखवत! मी तिथेच बसून रडले. पाहुणी पाणी घेऊन धावली. तिला काय सांगू! इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

५ मे
आमची रीत — पोराला पहिल्यांदा ज्याने हसवलं त्याने जेवण घालायचं, पोराच्या हातून सगळ्यांना मीठ द्यायचं. म्हणजे पोर दिलदार निघतं. विल्फ्रेड पलंगावरून ओरडतो, "हसवलं कड्याने! मग त्यालाच शिजवू दे मटण!" आईकडे बघायची माझी हिंमत नव्हती. वाटलं, आता शिव्या. ती एवढंच म्हणाली, "शिंक हिची, जेवण हिचं. मेंढी कापा." आणि बाहेर निघून गेली.

८ मे
सगळे पोटभर जेवले. एमरीच्या मुठीतलं मीठ घ्यायला आई सगळ्यात शेवटी आली. खडा जिभेवर ठेवला, माझ्या कानाशी वाकली. "तूही तिथेच हसलीस. त्याच हातांखाली, माझ्या मांडीवर. भीतीने मी कुणाला बोलले नाही. आपल्याकडे तेव्हा कुत्रा नव्हताच गं."