ओढ्याकाठचं उंच घर

मी, सिताबाई गोरोबा हुंबे, वय एकाहत्तर, राहणार ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. ऐकू कमी येतं, पण डोकं जागेवर आहे. कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वखुशीनं हे मृत्युपत्र लिहीत आहे.

आमचं माळवदाचं घर ओढ्याच्या पुरात पडलं. यजमान आधीच वारले होते. मुलगा बालाजी पुन्हा तसंच बांधायला निघाला. सून करिश्मा बांधकामाची पदविका शिकलेली. ती म्हणाली, "आत्याबाई, पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. पाण्याला खालून वाट ठेवू, आपण वर राहू." तिनं खांबांवर घर उभं केलं. खालचा मजला मोकळा, विजेची बटणं नि धान्याच्या कोठ्या वर, गच्चीला बाहेरून जिना. सबब माझ्या नावावरील हे घर माझ्या पश्चात एकट्या करिश्माच्या मालकीचं राहील. बालाजीची हरकत नाही. "घर तिचंच हाय, आई," असं तोच म्हणाला. मात्र खांबांमध्ये भिंती घालून दुकान काढू नये.

दीर शिवकुमार यांनी ओढ्यात भराव टाकून गोठा बांधला, म्हणून आमचं घर पडलं, असा माझा राग. त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. गेल्या सप्टेंबरात पाणी त्यांच्या घरात शिरलं, तेव्हा नातीला खांद्यावर घेऊन ते आमच्या जिन्याखाली आले.

"वहिनी, वर येऊ का?"

"विचारता काय? या लवकर!"

सारी गल्ली आमच्या गच्चीवर होती. एकही माणूस दगावला नाही, याबद्दल मी खंडोबाची आणि सुनेची ऋणी आहे. पाणी ओसरल्यावर भावजींनी स्वतः जेसीबी लावून भराव काढला. ते भांडण मी इथं मिटवते. वारसांनी पुढं चालवू नये.

ओढ्यालगतची माझी जमिनीची पट्टी पुराला सोडली आहे. ती विकू नये, तिच्यावर बांधू नये. बांबू लावावा.

बँकेतील शिल्लक अंगणवाडीचं जोतं उंच करण्यासाठी द्यावी. काम करिश्माच्या देखरेखीखाली व्हावं.

शेजारीण हरणाबाईला पुरात चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. माझ्या पाटल्या मोडून तिचं घर उंच करावं. पायऱ्या नकोत, उतार करावा, तिला चढवत नाही. ती "लई खर्च कशाला" म्हणेल. ऐकू नये.

सर्व मजकूर माझ्या अक्षरात असून, खालील दोघांसमोर सही केली.

सिताबाई गोरोबा हुंबे

साक्षीदार:
१. कृष्णराज दत्तात्रय कुलकर्णी (सही)
२. गजराबाई विठ्ठल शेळके (सही)

ठिकाण: ईट
दिनांक: १२ जानेवारी २०२६