उंची पाच फूट तीन

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रोजनिशी सुरू. डॉक्टरांचा सल्ला: राग आला की लिहून काढा, फेकून मारू नका. मला राग येतच नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला त्यांचा पेपरवेट काढून घेतला आणि पुन्हा एकदा ब्लड प्रेशर मोजलं. वजन जास्त, प्रेशर जास्त, उंची पाच फूट तीन. उंचीबद्दल कोणी काही बोललं नाही, पण लिहून घेताना नर्सने ओठ दाबले. मी दुर्लक्ष केलं. जाता जाता तिच्या टेबलाला एक लाथ बसली, तीही हलकी.

संकल्प: आजपासून शांत राहणे.

५ ऑक्टोबर, रविवार

बोटीचं शीड फाटलं.

बोट म्हणजे आमची 'सबुरी'. दोन माणसांपुरती, मी आणि मेव्हण्याने निम्मी-निम्मी घेतलेली. वळण घेताना मेव्हणा म्हणाला, भावोजी, दोरी ढिली सोडा. मी म्हणालो, सोडतो. तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी चाकू काढून दोरीच कापायला गेलो, म्हणजे वादच मिटला. तेवढ्यात वाऱ्याने शीड मध्ये आणलं. उभंच्या उभं फाटलं. मग शिडाखालची आडवी काठी गर्रकन फिरली आणि मेव्हण्याच्या तोंडावर बसली. दात एकच पडला.

मला काठी लागली नाही. ती माझ्या डोक्यावरून जाते. बाकी सगळे वाकतात, मी वाकत नाही. मेव्हणा याला उंची म्हणतो, मी बाणा म्हणतो.

शीड जुनंच होतं. चाकू माझ्या हातात होता हा योगायोग.

६ ऑक्टोबर

मेव्हणा सुजलेलं तोंड घेऊन घरी आला. म्हणाला, दोन नोव्हेंबरला क्लबची शर्यत आहे. आपण उतरलो नाही तर क्लब धक्क्यावरची जागा काढून घेणार. जागा गेली की तो बोट विकणार, गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. हे सगळं 'फ'च्या जागी शिट्टी वाजवत. मी हसलो नाही. फारसा.

ही म्हणाली, फाटलेलं शीड शिवून होईल, मी बघते. भावाबहिणीचं लहानपण बोटीत गेलंय, लग्नाआधी म्हणे हीच सुकाणू धरायची. मी म्हणालो, ठिगळाच्या शिडाखाली मी बसणार नाही, नवं शीड मी आणणार, तेही निम्म्या किमतीत. इतक्या ठामपणे म्हणालो की टेबलावरचे दोन कप गेले.

हिने काचा गोळा केल्या. काही बोलली नाही. पटलं असावं.

८ ऑक्टोबर

धक्क्यावरच्या शीडवाल्याकडे गेलो. त्याने भाव सांगितला. मी फक्त 'काय?' एवढंच विचारलं. विचारताना त्याची कॉलर माझ्या मुठीत होती, पण सूर सौम्य होता.

त्याने मला काखेत धरून उचललं, दुकानाबाहेर आणलं, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवर उभं केलं. ठेवताना मात्र सांभाळून ठेवलं. म्हणजे मनातून वरमला होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

नवी कल्पना. ताडपत्रीचं शीड. कापड तेच, वारा तोच, नुसती नावाची किंमत द्यायची कशाला?

ताडपत्रीवाल्याने विचारलं, किती वार हवेत. मला प्रश्नातली चिथावणी जाणवली. मी म्हणालो, तू आधी एक करून दाखव. तो म्हणाला, साहेब, एका वारात काय होणार तुमचं. यानंतरचं नीट आठवत नाही. मी ताडपत्रीचा तागा उचलला, त्याने मापाची पट्टी. पट्टी लाकडी होती, पितळेच्या कडांची. ताग्याला वजन असतं पण धार नसते, हे लक्षात ठेवणे.

घरी येऊन पाठ शेकली. हात शिवशिवत होते, म्हटलं परत जाऊन त्याला बघतोच. ही म्हणाली, एवढे शिवशिवत असतील तर मशीनवर बसा.

विनोद बरा होता. मी दारावर एक गुद्दा मारून दाद दिली.

१२ ऑक्टोबर

हिने काचेचे कप, बशा, ग्लास सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं आणि स्टीलचं आणलं. काच महाग झाली असावी. भाजी कापायची सुरीही जागेवर दिसत नाही. विचारलं नाही. कोणाच्या कामात नाक खुपसणं माझ्या स्वभावात नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं. फोनवर शोधलं तर दूरच्या एका शहरात एक शीडवाला आहे, माप पाठवलं की शिवून कुरियरने पाठवतो. भाव धक्क्यावरच्यापेक्षा निम्म्याहून कमी. मी निम्म्या किमतीत म्हणालो होतो. मी उगीच बोलत नाही.

मेव्हण्याला फोन केला, कोणती मापं द्यायची. तो म्हणाला, डोलकाठीच्या बाजूची उंची आणि खालची कड. खालच्या कडेला फूट म्हणतात, इंग्रजी शब्द आहे. मी म्हणालो, मला माहीत आहे. नव्हतं. तो म्हणाला, माप मीटरमध्ये आहे हे लिहा, आणि नीट सुटं सुटं लिहा. मी त्याला सांगितलं की मी शाळेत गेलो आहे, आणि त्याचा दुसरा दातही माझ्या आवाक्यात आहे.

धक्क्यावर जाऊन टेपने स्वतः मोजलं. उंची पाच मीटर, फूट तीन मीटर. मीटर कशाला लिहायचं? शिडाचं माप दुसऱ्या कशात असणार? स्वल्पविराम तर मी देतच नाही, बोलताना दबकणाऱ्या माणसांची ती सोय आहे. संदेश पाठवला:

उंची पाच फूट तीन

सुटसुटीत. पैसेही भरून टाकले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसात असताना शीडवाल्याचा फोन. आवाज मऊ, पण माणूस आगाऊ. म्हणाला, साहेब, तुमची उंची पाच फूट तीनच ना?

याला कोणी सांगितलं? मेव्हण्यानेच.

मी विचारलं, त्याच्याशी तुला काय करायचंय. तो म्हणाला, असं कसं, शिवायचं मला आहे, आणि खरं सांगू का साहेब, उंची फारच कमी वाटते, एवढ्याशा उंचीचं मी आजवर पाहिलं नाही.

मी उभा राहिलो. उभा राहिल्याने फारसा फरक पडत नाही, तरी राहिलो. सांगितलं, आहे ती उंची आहे, मला तिची लाज नाही, एक इंचही वाढवायची नाही, आणि पुन्हा तिचा विषय काढलास तर तिथे येऊन तुझ्याच सुईने तुझं तोंड शिवीन. तो म्हणाला, बरं साहेब, तुम्ही म्हणाल तसं. नमला.

मग फोन भिंतीवर आपटला. भिंतीला पोपडा, फोनच्या काचेवर जाळं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दोन दिवस घरी बसा म्हणून सांगितलं. माझ्या तब्येतीची काळजी घेतात.

२० ऑक्टोबर

दुपारी मागच्या खोलीत शिवणयंत्राचा खडखडाट. ही काहीतरी जाड, पांढरं शिवते आहे. दोन सुया मोडल्या म्हणाली. पडदे असतील. मेव्हणाही येऊन बसतो, कापड ताणून धरतो. मी आत डोकावलो की दोघं गप्प होतात. पडद्यांत गप्प होण्यासारखं काय असतं कळत नाही.

२४ ऑक्टोबर

शीडवाल्याने शीड तयार झाल्याचा फोटो पाठवला. फुटक्या काचेतून दिसलं ते असं: पांढरं, त्रिकोणी, टोकं धारदार. अप्रतिम. खाली त्याने काही ओळी लिहिल्या होत्या, त्या जाळ्यात गेल्या. स्तुतीच असणार.

मेव्हण्याला फोटो दाखवला. तो काचेला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, भावोजी, मागे खुर्ची दिसते का? मी म्हणालो, तुला खुर्चीशी काय करायचंय, शीड बघ. ताबडतोब फोन काढून घेतला. घेताना त्याचं बोट मागे वळलं. मोडलं नाही, त्याने विनाकारण आरडाओरडा केला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पार्सल आलं नाही. कुरियरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, येईल. हे तो मान वर न करता म्हणाला. मी काउंटरवर चढलो, म्हणजे दोघांची नजर एका पातळीवर येईल आणि संवाद होईल. संवादात वजनकाटा पडला. मग आतून आणखी दोघं आले आणि संवाद सार्वजनिक झाला. वरचा ओठ फाटला आहे. शर्ट गेला. मात्र त्यांनी लेखी दिलं, शनिवारपर्यंत नक्की.

मुद्देसूद बोललं की कामं होतात.

१ नोव्हेंबर, शनिवार

आलं. पार्सल उशीएवढं, वजन नावापुरतं. हल्लीचं कापड किती हलकं निघालंय. जुनं शीड उचलायला दोघं लागायचे.

ही म्हणाली, आत्ता उघडून बघा. मी म्हणालो, उद्या धक्क्यावर, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, अहो, एकदा बघून घ्या, काही चुकलं असेल तर कळेल. मी म्हणालो, चुकण्यासारखं मी काय केलंय ते सांग. तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली नाही.

उद्या सुकाणू माझ्या हातात. मेव्हण्याला दोरी देईन. हिला काठावरून बघू दे. नवं शीड पाहून तिला बरं वाटेल. खरं तर तिला बरं वाटावं म्हणूनच एवढी मारामारी केली.

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर माझं नाही.

धक्क्यावर तुडुंब माणसं. पार्सल चाकूने फाडलं. शीड झटकून उघडलं. उघडून झालं. पुढे काही उघडेना. डोलकाठीच्या बुडापासून उभं धरलं तर माझ्या डोक्याशी संपलं. बरोबर डोक्याशी. शिलाई मात्र पक्की, कडांना पितळी कड्या, आणि कोपऱ्यात चिठ्ठी टाचलेली, वर माझेच शब्द: उंची पाच फूट तीन. खाली शीडवाल्याने लिहिलं होतं, खालची कड दिली नव्हती, बेताची धरली आहे, मुलांच्या खेळातल्या बोटीसाठी शुभेच्छा.

मेव्हण्याने वाचलं. त्याने ते तीन प्रकारे वाचून दाखवलं, एकदा स्वल्पविराम घालूनसुद्धा. धक्का हसत होता. शीडवाला, तो धक्क्यावरचा, सगळ्यात मोठ्याने. हा मला पुन्हा उचलणार, असं वाटलं.

मी शांत होतो. फक्त डोलकाठीला एकदा समजावलं. उजव्या हाताने, पूर्ण ताकदीने. डोलकाठी लोखंडी नळीची आहे हे मला ठाऊक होतं, पण आठवलं नाही. आवाज आला तो काठीचा नव्हता.

मी खाली बसलो. ही आली. माझा हात बघितला, मग नवं शीड उचललं, दोन टोकं माझ्या मानेमागे बांधली आणि मधल्या झोळीत हात ठेवला. बरोबर बसला. शिंप्याने माप घेतल्यासारखा.

मग ती गाडीकडे गेली आणि पडदे घेऊन आली. पडदे नव्हते. जुनं शीड होतं, मधोमध उभी पांढरी शिवण. भावाबहिणीने ते चढवलं. मेव्हण्याने दोरी धरली, एक बोट सरळ ठेवून. हिने सुकाणू धरलं.

मी धक्क्यावर बसून बघितलं. वळणावर आडवी काठी फिरली तेव्हा ही वाकली, सहज, आणि हसली. इतक्या लांबून ऐकू आलं. घरी मी तिला असं हसताना ऐकलेलं नाही. मला वाईट वाटलं. हाताचं दुखणं वेगळं होतं, हे वेगळं.

तिसरे आले. जागा राहिली. बोट विकायची नाही असं मेव्हणा म्हणाला. माझ्या निम्म्याचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुमचं निम्मं तुमच्या गळ्यात आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

प्लॅस्टर. डॉक्टरांनी झोळी उलटसुलट करून पाहिली, कोणी शिवली विचारलं, दवाखान्यासाठी मागवतो म्हणाले. रोजनिशी लिहिता का, विचारलं. मी म्हणालो, रोज. ते म्हणाले, मग काय उपयोग झाला? मी म्हणालो, पुष्कळ.

घरी येताना ही गाडी चालवत होती. मी म्हणालो, तू आधीच सांगायचं होतंस, शिवून होतंय म्हणून. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग म्हणाली की तिला माझ्या रागाची आधी भीती वाटायची. आता वाटत नाही. आता काचा उचलायचा कंटाळा येतो.



चहा झाला. स्टीलच्या कपात फार कढत लागतो, डाव्या हाताला धरवत नाही. मी म्हणालो, माळ्यावरचे काचेचे कप खाली काढूया का, आता मी पूर्ण शांत आहे. तिने माझ्याकडे बघितलं. गळ्यातल्या शिडाकडे बघितलं, मग कप धरलेल्या हाताकडे.

म्हणाली, डावा हात अजून चांगला आहे. थांबू थोडं.