अकरा ते बारा नेट बंद

प्रिय मिनल,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही फाडलं नाहीस, त्याबद्दल आधी थँक्यू. मी गोडदेवला घरी आहे. बारा दिवस झाले. हो, बारा! आईचाही विश्वास बसत नाही. रोज सकाळी चहा देताना विचारते, “काय रं, अजून हायस?”

आलो होतो चार दिवसांसाठी. पण दारात पाऊल टाकलं तर उर्मिलावहिनी कॉम्प्युटरसमोर डोळे पुसत बसलेली. स्वप्नीलदादाची बायको रडते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. ती घरातूनच एका कंपनीचे ग्राहकांचे कॉल घेते, आणि आठवड्यात तीनदा कॉल मधेच तुटला होता. साहेबानं सांगितलं, बारा दिवसांनी, सोमवारी अकरा ते बारा मी स्वतः कॉलवर बसतो. एकदा जरी अडकलं तर दुसऱ्या दिवसापासून ऐरोलीला ऑफिसात यायचं. सलोनी चौदा महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. ऐरोली म्हणजे वहिनीची नोकरी गेलीच. मी म्हटलं, वहिनी, हे माझ्यावर सोड. गोकर्णला एका हॉटेलात दोन महिने मी गिऱ्हाइकांचं वायफायच बघायचो. (त्या मालकाचा कुत्रा फक्त इडली खायचा, ती पण चटणी लावून. समोर आलीस की सांगेन म्हणून किती गोष्टी साठवल्यात मी. माझं हे असंच.)

तर नेट. पॅकेज शंभर एमबी स्पीडचं, येत होतं चार. आधी राउटर बंद-चालू केला, ते तर कोणीही करतं. मग तो गोदरेजच्या कपाटावरून, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागून काढून टेबलावर आणला. चारच. वायर थेट कॉम्प्युटरला लावली, तरी चार. कॉम्प्युटर आतल्या आत काही डाउनलोड करतोय का पाहिलं, जुना कचरा साफ केला. पाच झाले! आई म्हणाली, “एक वाढला, पेढं वाटू काय?” केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणे लाईन एकदम ओके. मला वाटलं टोपी घालतोय. पण एके दिवशी पहाटे साडेपाचला जाग आली, सहज स्पीड तपासला, तर त्र्याण्णव! म्हणजे लाईन खरंच ठीक होती, दिवसा कोणीतरी नेट पीत होतं. राउटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडली. आमच्या घरात माणसं पाच, त्यातली एक रांगणारी. यादीत चौतीस.

तुला आमच्या आईची रीत माहीत आहेच. दारात आलेल्याला आधी तांब्याभर पाणी. आता त्याच्या पाठोपाठ ती पासवर्ड पण सांगते. कुरियरवाल्याला, भाडेकरूंच्या पाहुण्यांना, कोपऱ्यावरच्या धर्मेशभाईंना. त्यांच्या शिलाईच्या दुकानातला टीव्ही दिवसभर आमच्याच नेटवर मालिका बघतो. मी म्हटलं, पासवर्ड बदलून टाकू, दोन मिनिटांचं काम. बाबा गेल्यावर दादानं कनेक्शन घेतलं तेव्हा पासवर्ड ठेवलाय ‘पुंडलिक’ आणि पुढे घर बांधलं ते साल. आई म्हणाली, “आख्खी गल्ली तुज्या बापाचं नाव घेते. ते पन न्हाय ठेवायचं?”

पण मी पडलो शहाणा. शनिवारी दुपारी तिला न सांगता यादीतले एकेक फोन ब्लॉक करत सुटलो. नावं नीट दिसत नव्हती, अंदाजानं केलं. संध्याकाळी सात जण दारात. धर्मेशभाई हात जोडून म्हणाले, “आनंदीबेन, हमसे कुछ गलती हुआ क्या?” आईची मान खाली. आणि वहिनी आतून ओरडली, “हृतिकभाऊजी, माझंच नेट गेलं!” अंदाजात तिचा कॉम्प्युटर पण ब्लॉक झाला होता. रात्री आईनं ताट वाढलं आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसली. मी गुपचूप सगळ्यांना परत चालू केलं.

चार दिवसांचं लांबवत लांबवत मी रविवारचं हंपीचं तिकीट काढलं होतं. बॅग भरलेली होती. खरं सांगतो, शनिवारी झोपताना वाटलं, निघून जावं, ऐरोली की घर ते बघतील त्यांचं. असंच तर करतो ना मी? गेल्या मार्चमध्ये तुला उत्तनला न्यायचं कबूल केलं आणि थेट गोकर्णची गाडी धरली. तू पालीच्या स्टॉपवर दीड तास उभी होतीस, हे मला चार महिन्यांनी कळलं. तेव्हा फोन करायला तोंड नव्हतं. अजूनही नाही.

पण रविवारी सकाळी उठलो तर आई नऊवारी नेसून तयार. हातात कुंकवाचा करंडा आणि वाटीत अक्षता. म्हणाली, “चल, आवतन द्यायचंय.” हळदीचं आमंत्रण देतात ना, अगदी तसं ती दारोदार गेली. प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवून, “उद्या अकरा ते बारा आमच्या सुनंची परीक्षा हाय, तवा नेट बंद ठेवायचं, नक्की!” अक्षता घेऊन नाही कोण म्हणणार? धर्मेशभाईंनी तर अक्षता कपाळाला लावल्या. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणाला, “आंटी, एक घंटा क्या, पूरा दिन बंद.” मी मागे वाटी धरून फिरत होतो. माझी बस कधी सुटली, लक्षातही राहिलं नाही.

आज सोमवार. अकरा वाजता सगळ्यांनी फोन बंद केले, आणि माझाही बंद, म्हणून पायरीवर बसून वहीच्या कागदावर तुला लिहितोय. समोर सगळी गल्ली बाहेर आलीय. धर्मेशभाई मटार सोलतायत, टीव्हीचा प्लगच काढून आणलाय त्यांनी. सलोनी आईच्या मांडीवर. कोणी जोरात शिंकलं तरी दहा जण शूऽऽ करतायत... थांब, दार उघडलं. वहिनी हसतेय! एकदाही अडकलं नाही, साहेब म्हणाला घरूनच करा. बघ, इथे शाई पसरली, धर्मेशभाईंनी मिठी मारली म्हणून. आणि त्या केबलवाल्यानं, मी यादी काढून घोळ शोधला हे ऐकून, मला एक तारखेपासून कामाला बोलावलंय, मी हो म्हटलंय. तुमचं खारी इथून चालत दहा मिनिटं. हे पत्र मीच घेऊन येतोय, तुझ्या आईच्या हातात देऊन फाटकापाशी उभा राहीन. दीड तास, तीन तास, तू म्हणशील तितका वेळ. जाताना तुला कधी सांगून गेलो नाही, मिनल. आता राहतोय, ते घरात कोणाला सांगायच्या आधी तुला सांगतोय.

तुझाच, अजून इथेच असलेला,
हृतिक