आईला मराठीत सांगताना

मांडवी, रत्नागिरी
२१ ऑक्टोबर २००१

चि. सलिल यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे ऊन कडक पडतंय, भात कापणीला आलंय आणि केबलवाल्या लवूने नवा चॅनेल दिलाय. दुपारभर जुने अमेरिकन सिनेमे! जेवणं उरकली की मी आणि तुझी आई सतरंजी टाकून बसतो. पेन्शनर माणसाला आणखी काय हवं?

माझी मतं तुला पाठ आहेत, तरी ऐक. गुन्ह्याचा सिनेमा काळापांढराच हवा. रंग आला की माणूस रक्त बघत बसतो, चेहरा बघत नाही. पूर्वी पिस्तूल तासभर कोटाच्या खिशात असायचं आणि आपला जीव टांगणीला. आता पाच मिनिटांत डझनभर आडवे, आणि एकाचंही दुःख नाही. कोर्टाच्या सिनेमात वकिलाने आवाज चढवला की समजावं, पुरावा नाही. आमच्या शाळेच्या मिटिंगातही हेच चालायचं.

आईचं सगळंच वेगळं. टोपीवाला बदमाश दिसला की म्हणते, "मेल्याला आवस नाय काय? आयशीला एक कागद तरी टाकायचा." हा तुला टोमणा नाही हो. निदान मी तरी तसा लिहीत नाही.

पूर्णगडला चौथीपर्यंत शिकलेली ती, तिला इंग्रजी कुठलं? लग्नापासून मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत आलोय. टॉकीजमध्ये पुढचे लोक वळून वळून चिडायचे. शेवटी हीरोला गोळी लागली की ती माझं मनगट धरायची. "मेला की काय वो?" मी म्हणायचो, "छे गं, लागलंय जरा. हॉस्पिटलात नेतायत." तू लहान असताना एकदा घरच्या टीव्हीपुढे मध्येच ओरडलास, "बाबा खोटं सांगतायत, मेला तो!" तेव्हा मी तुला खोलीबाहेर घालवलं होतं.

मे महिन्यातही मी तेच केलं. तू फोनवर स्पष्ट सांगितलंस, पुण्यातच घर घेतलंय, आता परत येणार नाही. मी तिला म्हटलं, "दोनेक वर्षांत इकडे बदली मागतो म्हणतोय." तिने ते मांडवीभर केलं, तुझ्या कानावर गेलं आणि तू चिडलास. रास्तच होतं. तेव्हापासून तुझा फोन नाही.

तिची पाठ बरेच दिवस दुखत होती. परवा कोल्हापूरला नेऊन दाखवलं. डॉक्टर भले गृहस्थ, तिला कळू नये म्हणून माझ्याशी इंग्रजीत बोलले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, सिनेमात बघते तशी. मी म्हणालो, "सूज आहे. औषधाने उतरेल."

ते तसं म्हणाले नव्हते, सलिल. कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत पोचलाय. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, एवढंच हातात आहे. हे घेऊन मी तिच्याच शेजारी बसतो, जेवतो, आणि इतका एकटा मी कधी नव्हतो.

काल दुपारी सिनेमात हीरो जिन्यावर कोसळला. मी सवयीने म्हटलं, "लागलंय जरा."

"मेला तो," ती म्हणाली. "तोंडावरून चादर घेतली. मला डोळे नायत काय?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुमचा जीव त्यात रमायचा. कशाला मोडता घालू?" तिने टीव्ही बंद केला. "डॉक्टर काय बोलले ते तुमच्याच्यानं सांगवायचं नाय. सलिलला बोलवा. तो खरं सांगतो."

उभा जन्म मी इंग्रजीचं मराठी केलं. डॉक्टरांचं ते एक वाक्य मात्र माझ्याने होत नाही. रागावलेलाच ये, पण ये. तिच्याजवळ बस आणि तिला सांग. या वेळी मी तुला बाहेर घालवणार नाही.

दारात उभा असलेला,
बाबा